‘बघतो, जमलं तर’: देवाची आज्ञा आणि आपली सोय (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बुधवारी संध्याकाळी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, शास्त्राभ्यास (बायबलचा अभ्यास) असतो. साडेआठला शेवटची प्रार्थना होते आणि खरे प्रश्न त्यानंतर निघतात, चपला घालताना, गाडी स्टँडवरून काढताना. ‘दादा, एक विचारायचं होतं,’ म्हणत कोणी बाजूला घेतलं की मला कळतं, आता आजच्या अध्यायातलं काही येणार नाही. घरातलं येणार, नाहीतर कारखान्यातलं. तेच तेच प्रश्न इतक्या वेळा आले की एकदाचे लिहून काढावेत असं ठरवलं.

मी पाळक (पाद्री) नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात दोन लेथ आणि एक मिलिंग, एवढंच माझं वर्कशॉप, आणि मंडळीत ‘वडील’ (एल्डर, म्हणजे मंडळीची जबाबदारी बघणारा) म्हणून नेमणूक. तेव्हा उत्तरांना धर्मशास्त्रापेक्षा कटिंग ऑइलचा वास जास्त येईल. चालवून घ्या.

सोय बघणं हे पाप आहे का?

नाही. येशू चालून दमला तेव्हा शोमरोनातल्या विहिरीवर बसला, आणि वादळ चालू असताना नावेत उशीवर डोकं ठेवून झोपला होता. देवाला आपले हाल बघायला आवडतात असं शास्त्रात कुठंही नाही. मुद्दाम अवघड वाट धरायची आणि तिलाच भक्ती म्हणायचं ही खोड आपल्यात आहे खरी, पण ती ख्रिस्ताकडून आलेली नाही.

मग अडतं कुठं? कावळा नाक्यावरून हायवेकडे निघालं की पुण्याला जाणारा आणि बेळगावला जाणारा, दोघंही एकाच रस्त्यावर असतात. तावडे हॉटेलच्या चौकात कळतं कोण कुठं वळणार. आज्ञा आणि सोय तशाच बराच काळ शेजारी शेजारी चालतात, आणि माणसाला वाटत राहतं की आपण आज्ञेच्याच मागं आहोत. चौक येतो तेव्हा गाडी आपसूक कुठं वळली तेवढं बघायचं.

मी देवाला ‘नाही’ म्हणत नाही, फक्त ‘बघतो’ म्हणतो. तो नकार झाला का?

आपल्या मराठीत ‘नाही’ म्हणायची रीत नाही. लग्नाचं आमंत्रण असो, उसने पैसे असोत, आपण ‘बघतो’ म्हणतो आणि समोरच्यालाही अर्थ कळतो. देवाशी बोलताना मात्र आपण धरून चालतो की त्याला कळणार नाही.

बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात फेलिक्स नावाचा रोमी सुभेदार आहे. ख्रिस्ताचा प्रेषित पौल त्याच्या ताब्यात, कैसरियात कैदेत. फेलिक्सनं त्याला बोलावून घेतलं, पौल नीतिमत्त्व, संयम आणि येणारा न्याय यांविषयी बोलू लागला, आणि फेलिक्स घाबरला. म्हणजे मुद्दा त्याला पोचला होता. तो पौलाला रागावला नाही, खोटं ठरवलं नाही. एवढंच म्हणाला की आता जा, सवड झाली की पुन्हा बोलावीन. नंतर बोलावलंही, पुष्कळदा, पण मनात होतं की पौलाकडून काही पैसे सुटतील. अशी दोन वर्षं गेली, फेलिक्सची बदली झाली आणि पौल तसाच बंदीत राहिला. ती सवड कधी आल्याची नोंद शास्त्रात नाही.

मला त्या माणसाची भीती वाटते, कारण तो वाईट वाटत नाही. तो आपल्यातलाच एखादा बिझी माणूस वाटतो.

देवाची इच्छा नेमकी काय आहे हे मला कळतच नाही. कळली तर पाळीन.

हा प्रश्न तरुण संघात फार. पुण्याला नोकरी घेऊ की इथंच शिरोलीत राहू, हे स्थळ स्वीकारू की ते. प्रामाणिकपणे विचारतात, म्हणून मीही प्रामाणिकपणे सांगतो: नोकरीचा पत्ता शास्त्रात लिहिलेला नसतो. त्यासाठी डोकं दिलंय, आईवडील दिलेत, मंडळीतली चार जाणती माणसं दिलीत. प्रार्थना करा, विचारा आणि ठरवा. दोन्ही वाटा चांगल्या असतील तर देव तुम्हाला कोड्यात पकडायला बसलेला नाही.

पण एकदा एक पोरगा सहा महिने ‘देवाची इच्छा शोधतोय’ म्हणत होता. बोलता बोलता कळलं की तो वडिलांशी चार महिने बोललेला नाही. मी म्हटलं, ‘भावा, जी इच्छा लिहूनच दिलीय ती आधी उरकून घे की.’ जी आज्ञा सरळ आहे ती टाळण्यासाठी जी सरळ नाही तिच्यामागं लागायचं, हा फार जुना धंदा आहे. मीही तो केलाय.

माझी ड्युटी रविवारी असते. उपासना चुकते. काय करू?

कोल्हापूरच्या ख्रिस्ती माणसाची ही कायमची ठसठस. कारखान्यांना, दुकानांना इथं साप्ताहिक सुट्टी बहुतेक सोमवारी. लक्ष्मीपुरीचा बाजार रविवारी. म्हणजे सकाळी इकडं उपासनेची घंटा आणि तिकडं फर्स्ट शिफ्टचा भोंगा.

आधी कोणाला हा प्रश्न लागू नाही ते सांगतो. नर्स, वॉर्डबॉय, पोलीस, एसटीचे कंडक्टर, पाणीपुरवठ्यातली माणसं यांनी अपराधी वाटून घेऊ नये. शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, बैल विहिरीत पडला तर तुम्ही ओढून काढत नाही काय, असं येशूनंच विचारलं होतं. शब्बाथ माणसासाठी झाला, हेही त्याचंच वाक्य. कारखान्यात रोजंदारीवर असलेल्या, खाडा केला तर ज्याची चूल अडते अशा माणसाला ‘विश्वास कमी पडतोय’ म्हणणारे आमच्यातही आहेत. त्यांनी त्याच्या घरचं महिन्याचं राशन भरावं आणि मग बोलावं.

उरले माझ्यासारखे, ज्यांच्या हातात थोडंफार असतं. मी पहिली नऊ वर्षं रविवारी वर्कशॉप चालू ठेवलं. कारण तयार होतं: शेजारचे सगळे चालू, हीट ट्रीटमेंटवाला चालू, पार्टीला सोमवारी सकाळी माल पाहिजे. एक दिवस माझ्याकडच्या टर्नरनं, जो ख्रिस्ती नाही, सहज विचारलं, ‘मालक, तुमच्यात रविवारी देवळात जायचं असतंय न्हवं?’ त्याला टोमणा मारायचा नव्हता. त्याला खरंच माहिती हवी होती. मला उत्तर देता येईना.

आता रविवारी एकपर्यंत बंद असतं. कामगारांचा पगार कापत नाही. त्यातून जे नुकसान होतं ते माझ्या वहीत लिहिलेलं आहे आणि ते भरून निघालेलं नाही, हेही सांगून टाकतो.

ज्यांच्या हातात काहीच नाही त्यांनी शिफ्ट बदलून मिळते का एकदा विचारावं. कितीतरी जण न विचारताच ‘मिळणार नाही’ म्हणून मोकळे होतात. नाहीच मिळाली तर संध्याकाळची घरगुती प्रार्थना, बुधवारचा शास्त्राभ्यास आहे. मंडळी म्हणजे रविवारी साडेनऊ ते अकरा एवढीच नव्हे.

मोबाईलवर उपासना बघितली तर चालते ना?

कोविडच्या काळात हीच वाट होती आणि तिच्याबद्दल देवाचे आभार. आमच्या एका आजींना जिना उतरता येत नाही. त्यांच्या नातीनं फोन उशीला टेकवून दिला की त्या डोक्यावर पदर घेऊन बसतात, सगळी गीतं म्हणतात, शेवटी ‘आमेन’ही मोठ्यानं. त्यांची उपासना माझ्यापेक्षा खरी.

पण गुडघे धडधाकट असताना, चहा पीत, उपदेश आला की पुढं सरकवत बघणं वेगळं. यासाठी मला नेहमी इस्राएलाचा राजा यराबाम आठवतो. राज्य फुटल्यावर त्याला भीती वाटली की लोक यरुशलेमेच्या मंदिरात जात राहिले तर आपल्या हातून जातील. मग त्यानं सोन्याची दोन वासरं केली, एक बेथेलात ठेवलं, एक दानात, आणि लोकांना काय सांगितलं? यरुशलेमेपर्यंत जायचं म्हणजे तुम्हाला फार होतं! किती काळजी! धमकी नाही. ‘तुमचे पाय दुखतील’ एवढ्यावर दहा वंश वळले (१ राजे १२). सोय एकदा देवघरात शिरली की हळूहळू तीच पूजा घेऊ लागते.

थोडी आज्ञा पाळली, थोडी राहिली. अगदीच न पाळण्यापेक्षा बरं नाही का?

शौल राजाला असंच वाटलं होतं. अमालेकी या शत्रूंची कोणतीही लूट ठेवायची नाही असं त्याला सांगितलेलं. त्यानं टाकाऊ होतं ते नष्ट केलं आणि चांगली गुरंमेंढरं राखली. (ही आज्ञा आपल्याला वाचायला जड जाते. तो वेगळा आणि मोठा प्रश्न आहे, इथं उरकण्यासारखा नाही.) शमुवेल संदेष्टा आला तेव्हा शौल म्हणाला: परमेश्वराची आज्ञा मी पाळली! आणि शमुवेलानं विचारलं, मग हे मेंढरांचं बें बें कसलं ऐकू येतंय?

शौलाचं उत्तर बघा. म्हणे लोकांनी ती देवाला यज्ञ करण्यासाठी राखली. म्हणजे जी मोडली तिच्यावरच धर्माचं झाकण. त्यावर ते प्रसिद्ध वचन येतं, यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं.

मेंढरं लपवता येत नाहीत, ती ओरडतात. हिशोबातली, नात्यातली, कागदावरची मेंढरंही ओरडतात, फक्त आपल्याला सवय होऊन जाते. एवढं मात्र सांगतो: प्रयत्न करून अर्ध्यावर अडलेला माणूस शौल नव्हे. राखून ठेवणारा शौल. दोघांतला फरक बाहेरून दिसत नाही, ज्याचं त्याला कळतं.

धंद्यात सगळं खरं बोलून चालतं का?

चालतं असं सांगितलं तर तेच पहिलं खोटं होईल. महाग पडतं.

एका कंपनीचे ऐंशी हाउसिंग माझ्याकडं जॉबवर्कला होते. बोअर, म्हणजे आतलं भोक, चाळीस मिलीमीटर, वर पंचवीस मायक्रॉनची सूट (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग), खाली शून्य. शनिवारी संध्याकाळी माल टेम्पोत चढवायचा होता. मी शेवटच्या रांगेतला एक पीस उगाच उचलून बोअर गेज घातला. सुई पुढं गेली. चाळीस दशांश शून्य चार. दुसरा घेतला, तोही तसाच. इन्सर्ट (कापायचं टोक) बदलल्यावर डायल पुन्हा सेट करायची राहिली होती. बारा पीस गेलेले.

सुटीच्या वर पंधरा मायक्रॉन म्हणजे किती? आपला केस त्याच्या चौपट जाड असतो. कंपनीत दहातला एक तपासतात, तोही कधी कधी. आणि टेबलावर इन्स्पेक्शन रिपोर्टचा फॉर्म पडलेला, दहा रीडिंगचे दहा रिकामे रकाने. पोरगा पेन घेऊन उभा होता. तो म्हणाला, ‘मालक, भरू का नेहमीसारखं?’

नेहमीसारखं. म्हणजे पाच मोजायचे आणि दहा लिहायचे, सगळे चाळीस दशांश शून्य एक नाहीतर शून्य दोन. हे मीच त्याला शिकवलं होतं. तोवर मला मंडळीत वडील होऊन सहा वर्षं झाली होती.

पंधराव्या स्तोत्रात विचारलंय, परमेश्वराच्या मंडपात कोण राहील? आणि उत्तरात उपास नाहीत, गाणी नाहीत. शेजाऱ्याशी खरं वागणारा, लाच न घेणारा, आणि शपथ वाहिल्यावर स्वतःचं नुकसान झालं तरी ती न बदलणारा. रिपोर्टवर सही म्हणजे शपथच की.

मी फोन केला, बारा पीस बाजूला काढले, रिपोर्ट जसा होता तसा भरला. सोमवारी तिकडचे साहेब वैतागले, कारण त्यांचीही लाइन थांबली. कास्टिंगची किंमत धरून अकरा हजार चारशेची डेबिट नोट आली आणि पुढचे तीन महिने त्यांचं काम आलं नाही. नंतर आलं, पण माझ्या खरेपणामुळं नाही. दुसऱ्या वर्कशॉपचा रेट वाढला म्हणून आलं.

आणि एक. त्याच्या आधीचे जुने रिपोर्ट मी कधी काढून बघितले नाहीत. ती मेंढरं अजून कुठंतरी आहेत.

गावच्या जत्रेला, म्हाईला भावकीत बोलावतात. जावं की नाही?

आपल्यापैकी अनेकांची अर्धी भावकी ख्रिस्ती नाही आणि त्यांनी आपल्याला कधी परकं केलेलं नाही. त्यांच्या घरी जेवायला बसणं हे प्रेम आहे. पौलाचा सल्ला करिंथकरांस पहिल्या पत्रात आहे: बोलावलं तर जा, पुढ्यात येईल ते खा, चौकशा करत बसू नका. पण हे नैवेद्याचं आहे असं कोणी मुद्दाम सांगितलं तर, सांगणाऱ्याच्या विवेकासाठी, खाऊ नका.

माझं स्वतःचं असं आहे की मी जातो, पाहुण्यांच्या पंगतीत बसतो, देवापुढं हात जोडायच्या वेळी बाजूला उभा राहतो. चुलत्यांना हे आधीच सांगून ठेवलंय आणि ते म्हणाले, ‘तू रस्सा तरी खाणार न्हवं?’ प्रश्न मिटला. मंडळीत काही जण अजिबात जात नाहीत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते इथं एक आणि तिथं एक बोलणाऱ्याशी, आणि आज्ञेच्या नावाखाली म्हाताऱ्या आत्याचं तोंड तोडून येणाऱ्याशी.

भावाशी जमिनीवरून, घरावरून वाद आहे. आधी तो येऊ दे, मग मी क्षमा करीन.

मत्तयाचं शुभवर्तमान, अध्याय पाच, वचनं तेवीस आणि चोवीस. वेदीपाशी अर्पण आणलंस, तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. नीट वाचा: ‘तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध’ असं नाही. त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध. म्हणजे चूक कोणाची हा विषयच येत नाही.

आणि हे येशू बोलला गालीलात. वेदी होती यरुशलेमेत. मध्ये शंभर किलोमीटरहून जास्त, तीन-चार दिवसांची पायवाट. समजा इथून साताऱ्यापर्यंत चालत गेलात, रांगेत उभे राहिलात, नंबर लागला आणि तेवढ्यात आठवलं. तर वस्तू तिथंच ठेवायची, परत कोल्हापूरला चालत यायचं, भावाचं दार वाजवायचं आणि पुन्हा साताऱ्याला निघायचं. ऐकणारे नक्कीच एकमेकांकडं बघून हसले असतील. यापेक्षा गैरसोयीची आज्ञा मला शास्त्रात सापडलेली नाही.

माझा धाकटा भाऊ इचलकरंजीत असतो. वडिलांच्या दोन खोल्यांवरून आमचं तीन वर्षं बोलणं बंद होतं. वाटणीपत्रात माझी बाजू बरोबर होती, आजही मला तसंच वाटतं. एका रविवारी प्रभुभोजनाची भाकर घेऊन मी बाकांमधून फिरत होतो. ते मंडळीतल्या ‘वडिलां’चंच काम. सगळ्यांना दिली, शेवटी मी घ्यायची होती, आणि हात पुढं होईना. तबक तसंच मेजावर ठेवलं. पाळकांनी पाहिलं, काही बोलले नाहीत.

सोमवारी इचलकरंजीला गेलो. दाराबाहेर मागाचा खडखडाट, आत टीव्ही. भावजयीनं पाणी दिलं, चहा टाकला. भाऊ बाहेर आला आणि पहिलं वाक्य: ‘कागद आणलास का?’ मी म्हटलं, ‘न्हाई, तुला बघायला आलोय.’ तो म्हणाला, ‘बघितलंस न्हवं?’

अजून कागद झालेला नाही. पण आईच्या वर्षदिनाला तो आला, जेवून गेला. पुष्कळ लोकांना वाटतं आपण गेलो की समोरचा गळ्यात पडेल. काहींच्या पडतो. माझ्या पडला नाही, आणि आज्ञा ‘जा’ एवढीच होती.

पाळकसाहेब सांगतात ती देवाची आज्ञाच ना?

वचनातलं सांगत असतील तर ऐकायचं, सोयीचं नसलं तरी. त्यांनी स्वतःचं मत सांगितलं तर मान देऊन ऐकायचं आणि तपासायचं. बिरुया गावातले लोक पौल सांगतोय ते खरं आहे का हे रोज शास्त्र उघडून बघत होते आणि त्याबद्दल त्यांची स्तुतीच झाली आहे.

‘देवानं मला सांगितलंय, तू अमुक रक्कम दे’, ‘माझ्याविरुद्ध बोलणं म्हणजे अभिषिक्ताविरुद्ध बोलणं’, ‘नवरा मारतो तरी तिथंच राहा, हीच आज्ञा’ अशी वाक्यं कोणी वापरत असेल तर तिथून उठा. शेवटच्या वाक्यावर तर मी आवाज चढवूनच बोलतो. मार खाणाऱ्या बाईनं घराबाहेर पडणं ही सोय नाही, जीव वाचवणं आहे. तिला सुरक्षित जागी पोचवणं ही मंडळीला असलेली आज्ञा आहे, आणि तीच पाळायला आपण बऱ्याचदा ‘बघतो’ म्हणतो.

माझ्या आज्ञापालनाची किंमत घरच्यांनी का मोजायची?

हा या पानावरचा सर्वांत अवघड प्रश्न, आणि बहुतेक वेळा तो बायका विचारतात.

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. विवेकाला जे पटलं त्यासाठी त्यांनी जात, नातीगोती, सगळं सोडलं. आपण त्यांची गीतं म्हणताना हे अभिमानानं सांगतो. पण लक्ष्मीबाईंना पुढची काही वर्षं नवऱ्यापासून दूर, माहेरच्यांच्या आधारानं काढावी लागली, आणि त्यांनी स्वतःच्या आठवणींत तो काळ काही गोड करून लिहिलेला नाही. पुढं त्या स्वतःच्या समजुतीनं ख्रिस्ताकडं आल्या, हा देवाचा अनुग्रह. म्हणून आधीचं दुःख दुःख नव्हतं असं होत नाही.

मला वाटतं दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. कधी आज्ञाच अशी असते की घराला झळ बसतेच, माझ्या अकरा हजार चारशेची बसली, त्या महिन्यात बायकोनं दोन खर्च पुढं ढकलले. तेव्हा निदान तिला आधी सांगावं, निर्णयात घ्यावं. दुसरी गोष्ट म्हणजे मंडळीच्या कामाच्या नावाखाली घरातून पळणं. येशूच्या काळी ‘कुर्बान’ म्हणायची रीत होती: आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिलं म्हणायचं, की जबाबदारी संपली. येशू यावर फार कडक बोलला. आठवड्यातून पाच संध्याकाळ प्रार्थनासभांना जाणारा आणि आईच्या डायपरला हात न लावणारा माणूस मला माहीत आहे. त्याची सोय कुठली आणि आज्ञा कुठली हे त्याच्या बायकोला विचारा.

मिशनरी लोकांसारखा त्याग आपल्याला कुठं जमणार?

रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापूर संस्थानात आले, वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला दवाखाना उभा केला. मोठी माणसं, प्रश्नच नाही. पण त्यांच्याबरोबर गावोगाव पायी जाऊन बायबल सांगणाऱ्या बायबलबाया, खेड्यातले शाळामास्तर, ज्यांना गावच्या विहिरीवर पाणीही मिळायचं नाही, त्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत. त्याग म्हटलं की आपल्याला जहाज आठवतं. बहुतेक आज्ञा चालत जाण्याच्या अंतरावर असतात.

दशांश, हुंडा वगैरे?

दशांशावर, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देवाला देण्यावर, मंडळ्यांत मतभेद आहेत, मी वाद घालत नाही. दावीद राजाला अरवनानं खळं आणि बैल फुकट देऊ केले तेव्हा तो म्हणाला, ज्यासाठी मला काही मोजावं लागलं नाही ते मी देवाला अर्पण करणार नाही, आणि त्यानं पन्नास शेकेल चांदी मोजली. हप्ते गेल्यावर उरलेली चिल्लर दानपेटीत टाकताना मला हे आठवतं, तुम्हालाही आठवू दे.

हुंड्यावर मतभेद असण्याचं कारण नाही. १९६१ पासून कायद्यानंही बंदी आहे. ‘आम्ही काही मागितलं नाही, त्यांनी हौसेनं गाडी दिली’ हे बें बें आहे.

एवढं केल्यावर देव आशीर्वाद देतो ना?

देतो, पण पावती आपण ठरवायची नसते. गेथशेमाने बागेत ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको’ म्हणणाऱ्या येशूला दुसऱ्या दिवशी वधस्तंभ मिळाला. पुनरुत्थान त्यानंतर. मधला शनिवार कोणी प्रार्थनेत मागत नाही. ‘हे कर, तुझा धंदा दुप्पट होईल’ अशी साक्ष ऐकली की मला जरा कसंतरीच होतं, कारण मागच्या बाकावर बसलेल्या, खरं वागून धंदा बुडालेल्या माणसाकडं माझं लक्ष जातं.

मिळालं काय म्हणाल तर एक सांगतो. तो पोरगा आता दहा पीस मोजतो आणि दहा लिहितो, आणि मी टेबलाजवळून जाताना त्याच्या फॉर्मकडं न बघता जाऊ शकतो.

चुकलो तर? बऱ्याचदा मागाहून कळतं की सोयीचंच केलं.

योना संदेष्ट्याला देवानं निनवे शहरी जायला सांगितलं होतं, ते सोडून तो याफो बंदरात गेला, भाडं भरून तार्शीशचं जहाज पकडलं. माशाच्या पोटातून बाहेर आल्यावर पुस्तकात काय आहे? परमेश्वराचं वचन योनाला दुसऱ्यांदा आलं. तीच आज्ञा, तेच गाव. रागावणं नाही, नवी अट नाही.

दोन मुलांच्या दाखल्यातही तेच. एक ‘जातो’ म्हणाला आणि गेला नाही. दुसरा ‘नाही जात’ म्हणाला, पण मागून पस्तावून मळ्यात गेला. येशूला दुसरा पसंत पडला. ‘नाही’ म्हणून झालं असेल तरी मळा तिथंच आहे.

तुम्हाला स्वतःला जमतं का?

परवाचंच सांगतो. मंडळीतल्या एका मावशींचा फोन आला. सोमवारी मिरजेला दवाखान्यात दाखवायचंय, मुलगा बाहेरगावी, एसटीत चढवत नाही, गाडीनं न्याल का? सोमवार म्हणजे आठवड्यातला माझा एकच मोकळा दिवस. मशीनची साफसफाई काढली होती, दुपारी झोपायचं ठरवलं होतं. माझ्या तोंडून काय निघालं असेल?

‘बघतो मावशी, जमलं तर कळवतो.’

फोन ठेवला. बायको भाकरी थापत होती, तिनं वर बघितलं नाही, फक्त तव्यावरची भाकरी जरा जोरात उलटली. या पानाचा फेलिक्सवाला भाग माझा आदल्याच रात्री लिहून झाला होता.

पाच मिनिटांनी परत फोन लावला. केसपेपरला गर्दी होते म्हणून साडेसहाला निघायचं ठरलंय. मावशी म्हणाल्या आहेत की जयसिंगपुरात चहाला थांबायचं आणि पैसे त्या देणार.